डाव्या बाजूची तार

भिजत घातलेल्या गव्हाला तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास सुटतो, तो पुष्कळांना सोसत नाही. मला आवडतो. एप्रिल लागला की मी कुरडयांसाठी गहू भिजत घालते, रोज पाणी बदलते, आणि तिसऱ्या दिवशी पातेल्यावरचं झाकण काढलं की आमच्या घरात उन्हाळा सुरू झाला असं मी धरते. कॅलेंडर काय म्हणतं त्याच्याशी मला देणंघेणं नाही. दोन वर्षांपासून मात्र या वासाच्या मागोमाग दुसरा एक वास येतो, आणि तो घरात नसतोच. सोल्डरिंगच्या वेळी वितळणाऱ्या राळेचा वास. धुपासारखा, पण जरा कडवट. आज सकाळी झाकण काढलं आणि मी नकळत बाहेरच्या खोलीत डोकावून पाहिलं. टेबलावर वर्तमानपत्र होतं आणि चष्म्याचं घर. बाकी काही नव्हतं.

आमचे हे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. कुणाचा फोन मुका झाला, कुणाच्या फोनवर दुसऱ्याचंच बोलणं ऐकू यायला लागलं, की दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. मूळचे अकोल्याचे. मी नारायण पेठेतली. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीनं मुलाबद्दल एवढीच चौकशी केली होती की तिखट किती खातो. आता इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर ते दूधवाल्यालाही 'आपण उद्या जरा लवकर याल का' असं विचारतात. पण फार आनंद झाला किंवा फार भीती वाटली, की आतला अकोलेकर वर येतो. मग मला ते 'अगं'च्या ऐवजी 'वं' म्हणतात, आणि सगळं काही येऊन राहतं आणि जाऊन राहतं.

निवृत्तीनंतर आम्ही धायरीला राहायला आलो. इथे त्यांनी स्वतःसाठी एक कोपरा मागून घेतला. भिंतीशी दोन स्पीकर, मधे कपाटावर अॅम्प्लिफायर आणि सीडी प्लेयर, आणि समोर एक वेताची खुर्ची. दुपारी चहाच्या आधी तिथे गाणं चालायचं. एका जुन्या मैफिलीची सीडी त्यांना मित्रानं करून दिली होती, ती सगळ्यात लाडकी. गाणारी बाई मुलतानी राग गाते, उजव्या स्पीकरमधून तबला येतो आणि डाव्यामधून पेटी. ही सीडी सुरू असताना या माणसाला काही सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. 'अहो, दूध उतू चाललंय', 'अहो, बेल वाजतेय', 'अहो, घराला आग लागलीय'. सगळ्याला डोळे मिटून एकच उत्तर, 'ऐकतोय ना'. दूध उतू गेलेलं असायचं.

त्या वर्षी पाडवा होऊन गेल्यावर एका दुपारी ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "डावी बाजू बसलीय."

"म्हणजे?"

"पेटी मागे गेलीय. दाराबाहेर बसून कुणी वाजवावी तशी."

मला तर पेटी होती तिथेच ऐकू येत होती. तसं मी सांगितलंही. ते म्हणाले, "तुला सवय नाही." हे खरंच होतं. त्यांनी डावा आवाज वाढवायचं बटण फिरवत फिरवत टोकाला नेलं. मग मला तबला ऐकू येईना, आणि ते मात्र म्हणाले, "हं, आता जरा बरं." थोड्या वेळानं त्यांनी बटण पुन्हा मधे आणलं. असं बटण पिळून ऐकणं म्हणजे वाकड्या चौकटीतलं चित्र मान वाकडी करून बघणं, असं त्यांचं मत. दोष तारेत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. सीडी प्लेयरपासून अॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी हातभर लांबीची तार, डावीची एक आणि उजवीची एक. बाजारची तार कचरा असते, आता आपण घरी करायची.

मला कुरडयांसाठी नवा सोऱ्या हवाच होता, म्हणून आम्ही जोडीनं गेलो. आधी बुधवार पेठ, मग तुळशीबाग. बुधवारातलं ते दुकान इतकं अरुंद होतं की आत एक गिऱ्हाईक आणि बाहेर दुसरं, असंच उभं राहावं लागे. बाहेर मी उभी राहिले. भिंतीवर खिळ्यांना तारांची भेंडोळी टांगलेली.

"शुद्ध तांब्याची दाखवा," हे म्हणाले.

"सगळी तांब्याचीच आहे."

"ऑक्सिजन-फ्री आहे का?"

"काका, इथे दुकानातच ऑक्सिजन नाहीये. घ्यायची का?"

यांनी खिशातून ब्लेड काढून एका तारेचं टोक खरवडलं. वरून तांबूस, आतून पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता हात फिरवलेला. दुसरी खरवडली, ती आतपर्यंत लाल होती. मग ती बोटावर गुंडाळून पाहिली, सरळ केली, पुन्हा गुंडाळली. बारीक बारीक तारांचा झुपका नको, एकच सलग तार हवी, असं त्यांनी दुकानदाराला समजावून सांगितलं. दुकानदारानं मोबाइलवर बोलता बोलता मान हलवली. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना घेतल्या, मिक्सरची घरघर आत शिरू नये म्हणून वरून चढवायची तांब्याची जाळी घेतली. एवढं सगळं घेताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी उन्हात उभी होते त्याची तक्रारच केली नाही.

अडलं ते तारेच्या आवरणापाशी. प्लास्टिक आवाज पिऊन टाकतं, म्हणे. सुती आवरण सगळ्यात चांगलं, कारण त्यात कापूस थोडा आणि हवाच जास्त. पण पोकळ सुती नळी त्या दुकानात मिळेना. मी तुळशीबागेत सोऱ्याच्या चकत्या बघत होते, एवढ्यात हे शेजारच्या नाड्यांच्या गाड्याशी उभे असलेले दिसले. एकेक नाडी उचलून तिच्या टोकातून आत बघत होते.

"काका, परकराला हवीय का लेंग्याला?" गाड्यावरच्या बाईनं विचारलं.

"वायरला."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी सोऱ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर नाड्यांतली खळ जावी म्हणून त्या गरम पाण्यात भिजल्या आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळत पडल्या. प्लास्टिकच्या कागदावर माझ्या कुरडया, पलीकडे दोरीवर यांच्या नाड्या. शेजारच्या कुंदाताई वर आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी काही कुरडया सरळच राहिल्या वाटतं." हे छत्री उघडून पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले आणि दोन्ही वाळवणांची राखण करू लागले. कबुतरांवर ओरडायचे, मधेच एक ओली कुरडई पळवायचे. संध्याकाळी सिंहगडाकडून वारा सुटला की कागदाची टोकं फडफडायची, त्यांच्यावर आम्ही विटा ठेवायचो. गच्चीच्या फरशा पायाला चटके द्यायच्या, म्हणून बोलायचं ते टाचा उचलून उचलून. त्या दिवसांत आम्ही दोघं जितकं एका जागी बसलो तितकं नोकरीच्या वर्षांत कधी बसलो नव्हतो. मला तो उन्हाळा फार सुखाचा वाटत होता.

नाडीतून तार ओवायची कशी हे मात्र एक्स्चेंजमध्ये शिकवत नाहीत. तार अर्ध्यात अडकायची, नाडी चुण्या पडून गोळा व्हायची आणि यांचं डोकं तापायचं. शेवटी मी तारेच्या टोकाला सेफ्टी पिन अडकवून दिली आणि परकरात नाडी घालतात तशी ती पुढे सरकवत नेली. ते कौतुकानं बघत राहिले. मग टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरून सोल्डरिंग झालं, घरभर राळेचा वास कोंडला, आणि तारांची पहिली जोडी तयार झाली. चहाच्या आधी मला वेताच्या खुर्चीत बसवण्यात आलं.

"सांग, काय फरक वाटतो?"

"काही नाही."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. तीच बाई आहे, तेच गातेय."

ते स्वतः बसले. डोळे मिटले. बाईचा आलाप वर चढला आणि हळूहळू यांचा चेहरा उतरला. "डावी अजून बसलेलीच आहे," ते म्हणाले.

मग दुसरी जोडी झाली, तिसरी झाली. सोल्डर बदललं, जाळी काढून पाहिली, पुन्हा चढवली. पिना ब्लेडनं घासून झाल्या. एव्हाना माझे सांडगे वाळून डब्यात गेले होते. आमच्या संध्याकाळच्या फिरण्यात मला एक नवीन गंमत दिसायला लागली होती. जाताना हे मला आतल्या बाजूला ठेवून स्वतः गाड्यांच्या बाजूनं चालायचे. इतक्या वर्षांनी का होईना, यांना बायकोला गाड्यांपासून जपायचं सुचलं, म्हणून मी मनातल्या मनात खूश. येताना त्याच कडेनं यायचो, तेव्हा मात्र मी गाड्यांच्या बाजूला आणि हे आत. रिक्षा माझ्या कोपराला हवा देऊन जायची. मी थोडी रागावलेच. मग एक दिवस लक्षात आलं, की जाताना काय आणि येताना काय, मी कायम त्यांच्या उजव्या हाताला असते. मोबाइलही ते हल्ली उजव्या कानाला लावत होते. पूर्वी डाव्याला लावायचे, कारण उजव्या हातात पेन असायचं.

मी हे कुणाला बोलले नाही. त्यांना तर नाहीच.

मेच्या सुरुवातीला त्यांनी चांदीचा विषय काढला. आवाजासाठी तांब्याहून चांदी सरस, पण हे सांगताना ते माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते. माझ्या लग्नातल्या पैंजणांपैकी एक धायरीला घर हलवताना हरवलं होतं. उरलेलं एक मी उगाच जपून ठेवलं होतं. मी ते आणून त्यांच्या हातात दिलं. "एका पायात घालून मी कुठे नाचणार आहे?" असंही म्हटलं. देताना घुंगरू वाजले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

सराफानं घुंगरू बाजूला काढून परत दिले आणि बाकीची चांदी आटवून तार ओढून दिली. ती एकाच बाजूला पुरेल एवढीच झाली. ती कुठल्या बाजूला लागणार हे मला विचारावं लागलं नाही. त्यांनी ती डावीला लावली, उजवीला तांबंच ठेवलं.

मी समोर बसून गवार मोडत होते. माझे हात थांबले. तारेची जोडी म्हणजे जोडी, हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. एकाच भेंडोळ्यातली, एकाच मापाची, दोन्हींना सोल्डरही एकाच रिळातलं. एकीकडे चांदी आणि एकीकडे तांबं अशी तार दुसऱ्या कुणी केली असती, तर यांनी त्याला महिनाभर हसून घेतलं असतं. आणि आता स्वतः मान खाली घालून, जीभ दातांत धरून, डाव्या पिनेला चांदी जोडत होते.

एक्स्चेंजमधल्या गोष्टी मी जन्मभर ऐकल्यात. नव्या मुलांना हे पहिल्या दिवशी एकच शिकवायचे. काही उघडू नका, काही विकत आणू नका, आधी बाजू बदलून बघा. डावीकडची तार उजवीकडे लावा, उजवीकडची डावीकडे. दोष तारेत असेल तर तो तारेबरोबर सरकतो. तारेत नसेल तर जागच्या जागी राहतो. दोन मिनिटांचं काम. या दीड महिन्यात त्यांनी ब्लेडपासून पैंजणापर्यंत सगळं केलं होतं, पण बाजू बदलताना मी त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "बाजू बदलून बघितली का?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "बघतो," म्हणाले. मग सोल्डरिंगची गन बंद केली, छत्री घेतली आणि वाळवणाची राखण करायला गच्चीवर निघून गेले. त्या दिवशी गच्चीवर वाळवण नव्हतं.

मी गवार बाजूला ठेवली. मला फार वाईट वाटलं. दोष तारेत होता तोवर तो बुधवार पेठेत जाऊन दुरुस्त करता येत होता. तांबं नाही तर चांदी, प्लास्टिक नाही तर नाडी, काही ना काही बदलून बघता येत होतं. कान कुठल्या दुकानात मिळतो? जन्मभर दुसऱ्यांच्या लायनीवरची खरखर ऐकून दोष सांगणारा माणूस हा. त्याला हे कळलं नसेल असं मी कसं म्हणू? त्याला ते पाडव्यालाच कळलं असणार. मी पन्हं केलं, पेला घेऊन वर गेले, त्यांच्या हातात दिला आणि छत्रीच्या सावलीत त्यांच्या उजव्या बाजूला बसले. पुन्हा काही विचारलं नाही.

त्यानंतर एका दुपारी मी पापड उलटायला वर गेले होते. ऊन डोळ्यांत जात होतं, समोरच्या गुलमोहोरात कोकीळ बेंबीच्या देठापासून ओरडत होता. पाणी प्यायला खाली आले तर बाहेरच्या खोलीत मुलतानी लागलेला. पडदे ओढलेले, त्यामुळे पहिल्यांदा नीट दिसलं नाही. मग दिसलं. त्यांनी खुर्ची फिरवली होती. स्पीकरकडे पाठ आणि तोंड पलीकडच्या भिंतीकडे, असे ते ताठ बसले होते.

यांचा एक नियम आहे. गाणाऱ्याकडे पाठ करून बसायचं नाही. मैफिलीत कुणी तसं बसलं तर हे त्याला उठवतात. घरातही, नुसती सीडी असली तरी, स्पीकरकडे पाठ करून मी कधी भाजी निवडत बसले तर 'जरा वळून बस' म्हणायचे. तो माणूस आज बाईकडे पाठ करून बसला होता. डावा स्पीकर आता त्यांच्या उजव्या कानाशी होता. त्यांना माझी चाहूल लागली असावी, कारण त्यांनी मान न वळवता उजवा हात जरा उचलला.

"पेटी किती गोड वाजून राहिली वं," ते म्हणाले.

मी दारातच उभी होते. आवाज नेहमीचाच ठेवायचा प्रयत्न केला. "तार चांगली झालीय तुमची," म्हटलं.

"तार पहिल्यापासूनच चांगली होती."

 तबला आता त्यांच्या डावीकडे गेला होता, तो त्यांना किती ऐकू येत होता कुणास ठाऊक. गाणं संपल्यावर त्यांनी खुर्ची उचलून पुन्हा जागेवर सरळ ठेवली, आणि मला उद्या कानाच्या डॉक्टरांकडे यायला वेळ आहे का असं विचारलं. मी हो म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. वर पापड करकरीत वाळून वाकडे झाले होते.

डॉक्टरांनी तपासलं. डाव्या कानाची नस अशक्त झालीय, ती काही परत येणार नाही, यंत्र लावलं तर बोलणं नीट ऐकू येईल, असं सांगितलं. यांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "यात आत तार कुठली वापरलीय?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. पण आता आठवलं की येतं.

ते यंत्र दिवसभर कानात असतं. बाजार, फोन, कुंदाताईंचे टोमणे, सगळं आता पोहोचतं, अगदी 'दूध उतू चाललंय'सुद्धा. दुपारच्या गाण्याला मात्र ते काढून डबीत ठेवतात. यंत्रातून पेटी ऐकली की पत्र्याची वाटते, म्हणे. आणि पाठ करून बसायचं नाही तो नियम पुन्हा लागू झालाय. मग यातून आम्ही एक तोड काढली. त्यांच्या उजव्या बाजूला स्टुलावर मी बसते आणि डावीकडे काय चाललंय ते त्यांना सांगते. सुरुवातीला मला एवढंच सांगता यायचं की पेटी वाजतेय किंवा नाही वाजत. आता जरा बरं सांगते. पेटी बाईच्या मागून येतेय, आता तिला गाठलं, आता बाई दम घेतेय आणि पेटी एकटीच आहे. डावीला अजून ती चांदीची तार आहे, उजवीला तांब्याची. त्यांनी ती बदलली नाही आणि मी बदला म्हटलं नाही.

आज दुपारी मी लोणी कढायला ठेवलं होतं. उद्या पहाटे चीक शिजवायचा, म्हणून सोऱ्या घासून पालथा घातला होता. "चल, पेटी सुरू होईल," त्यांनी हाक मारली, तशी मी पदराला हात पुसत येऊन बसले. बाईनं मुलतानी उचलला. मी सांगत गेले. आली पेटी. मागेमागेच आहे. बाई वर गेली, पेटी खालीच थांबली. आता बाई थांबलीय.

आणि तिथे पेटीवाल्यानं बाईचीच ती जागा हलक्या हातानं पुन्हा घेतली, इतकी हलकी की आजवर इतक्या दुपारी ती माझ्यासमोरून गेली आणि मला दिसलीच नव्हती. माझं सांगणं थांबलं. मी डोळे कधी मिटले ते मला कळलं नाही.

त्यांनी कोपरानं मला ढोसलं. "काऊन वं थांबली? काय वाजून राहिलं तिकडं?" मग हवेत नाक उचलून, "अन् काही करपून राहिलं का?"

"ऐकतेय ना," मी म्हटलं.